टर्निंग ग्रुपला महिन्याचं चॅलेंज काय द्यावं? वाट्या सोडून सांगा

भुसाराम:
पुण्यात आमचा लेथवर लाकूड फिरवून कातणाऱ्या (टर्निंगवाल्या) हौशी लोकांचा छोटा ग्रुप आहे, रविवारी एकाच्या शेडमध्ये जमतो, एक मोठा लेथ एक मिनी. सुरुवातीला सगळे जोमात होते, आता जो तो वाटी करतो, फोटो टाकतो, बाकीचे अंगठा दाखवतात, संपलं. म्हणून दर महिन्याला एक चॅलेंज ठेवायचं घाटतंय. बाहेरच्या क्लबांचे विषय बघितले तर ख्रिसमसचे दागिने नाहीतर वाइनच्या बाटलीची बुचं, त्याचं आम्ही काय करणार. निम्मे लोक नवखे, स्क्यू, म्हणजे तिरक्या धारेची पटाशी, हातात घेतला की घाम फुटतो, आणि दोघं असे की त्यांना काहीही सांगा पोरखेळच वाटतो. वखारीत आंबा, सुबाभूळ, बाभूळ आणि जुन्या सागाचे तुकडे मिळतात.

आरवाला:
भिंगरी ठेवा. दोरीचा भोवरा नको, त्यात फेकणाऱ्याचं कसब दिसतं, करणाऱ्याचं नाही. चिमटीनं फिरवायची, व्यास ५० मिमीच्या आत, एकाच तुकड्यातून, खिळाबिळा काही नाही, काचेवर सोडायची आणि स्टॉपवॉच लावायचं. परीक्षक नको की भांडण नको. नवख्याची तासाभरात होते आणि तुमचे उस्ताद महिनाभर गुंतून पडतील, कारण वजन कडेला पाहिजे, पोट जमिनीलगत पाहिजे, दांडी बारीक पाहिजे पण इतकी नाही की पिळ देताना मोडेल. तुकडा निवडताना एका बाजूला पांढरं लाकूड आणि दुसऱ्या बाजूला गाभा असला तर कितीही गोल काता, डुगडुगणारच.

खारे_वारे:
मे महिन्यात झाकणाचा करंडा द्या आणि मार्क जुलैत द्या 😄 मे मध्ये टक् करून बसणारं झाकण पावसात दमट हवा ओढून असं अडकतं की उघडायला दोघं लागतात. लाकूड रेषांच्या आडवं जास्त फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून गोल तोंड अंडाकृती होतं. उपाय तोच जुना, आधी ओबडधोबड पोकळ करून भिंत जाड ठेवायची, काही आठवडे तसंच पडू द्यायचं, मग पुन्हा चकवर (लेथच्या पकडीत) घेऊन शेवटचा हात. अजून एक अट टाका, झाकण आणि बूड एकाच ठोकळ्यातलं आणि रेषा जुळलेल्या. त्यासाठी पार्टिंग टूल, म्हणजे तुकडा वेगळा कापायचं हत्यार, जितकं पातळ तितकं बरं, कापताना जेवढं लाकूड जातं तेवढीच रेषा तुटते.

एकच_टूल:
माझं मत वेगळं आहे, वस्तू ठरवू नका, अट ठरवा. लाटणंच घ्या, फक्त स्क्यूनं करायचं आणि सँडपेपरला बंदी, म्हणजे बाभळीवर धार लावल्याशिवाय पानच हलत नाही. जुना साग यासाठी नको, त्यातली वाळूसारखी सिलिका धार खाते आणि नवखा स्वतःलाच दोष देत बसतो. आणि हो, मार्क लाटण्याला नाही, ज्यानं केलं त्यानंच त्यावर लाटून आणलेल्या पोळ्यांना.

चितारआळी_फॅन:
उस्तादांना सावंतवाडीच्या लाकडी फळांकडे वळवा. पेरू, डाळिंब सरळ लेथवर होतं, पण आंबा द्या, तोतापुरी, चोचीसकट. तो एका अक्षावर होतच नाही. आधी नेहमीसारखा अंडाकार काढायचा, मग टेलस्टॉककडचं (मोटरच्या समोरच्या टोकाच्या आधाराचं) सेंटर काही मिमी सरकवून पुन्हा लावायचं आणि फक्त चोचीकडचा भाग कातायचा. तोल गेलेला असतो, म्हणून आरपीएम एकदम खाली आणि फेसशील्ड पाहिजेच. ब्रशच्या रंगाऐवजी रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली तर घर्षणानं वितळून चढते, वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते, कर्नाटकात चन्नपटणाची लाकडी खेळणी अशीच करतात. पण त्यांचं लाकूड काळ्या कुड्याचं, फिकं आणि बारीक पोताचं, तुमच्या सागावर तो रंग उठणार नाही.

भुसाराम:
झकास, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. पहिल्या महिन्यात भिंगरी नक्की, दोन्ही टोकाच्या लोकांना चालेल. करंडा मेपर्यंत ठेवतो. आंब्याचं ग्रुपवर टाकलं तर उस्तादांपैकी एकानं लगेच "चोच कोरून चालेल का" विचारलं, मी नाही म्हणून टाकलंय. @चितारआळी_फॅन केवड्याचं पान ताजं लागतं की वाळलेलं? इथे गणपतीत कणीस मिळतं, पानं कोण विकतं माहीत नाही.

चितारआळी_फॅन:
वाळलेलं घ्या. फुलवाल्याला आधी सांगून ठेवलं तर आणून देतो, फक्त पानाला काटे असतात, ते आधी सोलून टाका.