अनुभव धागा: ठाणे-नवी मुंबई परिसर आणि किनाऱ्यावरचे विमान अपघात

पारसिक (धागाकर्ता)

नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाल्यापासून सोसायट्यांच्या गटांवर एकच प्रश्न फिरतोय: आपल्या भागात पूर्वी कधी विमान पडलं होतं का? उत्तरादाखल जे फॉरवर्ड येतात, त्यांत घाटकोपर आणि जुन्नरचा अपघात एकच करून टाकलेला असतो. म्हणून हा धागा. या विषयाशी कामानिमित्त संबंध आलेल्यांनी लिहावं: काय बिघडलं, का बिघडलं, अशा वेळी काय करायचं असतं. 'तेव्हा मी चौथीत होतो' छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवातीला चार नोंदी माझ्याकडून. 12 जुलै 1949, केएलएमचं कॉन्स्टेलेशन, घाटकोपरची टेकडी, 45 मृत्यू. इंडोनेशियाहून परतणारे 13 अमेरिकी पत्रकार त्यात होते. 7 जुलै 1962, अलिटालियाचं डीसी-8, जुन्नरजवळचा डोंगर, 94 मृत्यू. 28 मे 1968, गरुडा इंडोनेशियाचं कॉन्वेअर 990, नालासोपाऱ्याजवळ. विमानातले 29 आणि जमिनीवरचा एक. 4 ऑगस्ट 1979, इंडियन एअरलाइन्सचं एचएस-748, पुण्याहून मुंबईला येताना पनवेलजवळच्या डोंगरात, 45 मृत्यू.

डोंगराला धडकलेली तिन्ही विमानं जुलै-ऑगस्टमधली आहेत. याला निव्वळ योगायोग म्हणणं मला जड जातं.

क्यूएनएच

पारसिक, योगायोग नाहीच. पावसाळ्यात डोंगर ढगात असतात आणि हवेचा दाबही उतरलेला असतो. ढगांबद्दल सगळे बोलतात, दाबाबद्दल कोणी बोलत नाही.

साधा उंचीमापक खरं तर दाबमापकच असतो. त्याच्या खिडकीत वैमानिकाने त्या ठिकाणचा समुद्रसपाटीचा दाब लावायचा असतो. जास्त उंचीवर सगळे 1013 हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब लावून उडतात. खाली उतरताना नियंत्रण कक्षाने सांगितलेला स्थानिक आकडा लावावा लागतो. मुंबईत भर पावसाळ्यात हा आकडा हजाराच्या आसपास येतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट धरा. 1013 तसाच राहिला आणि प्रत्यक्ष दाब 1000 असला, तर काटा खऱ्यापेक्षा साडेतीनशे फूट जास्त दाखवतो. म्हणजे विमान तेवढं खाली असतं आणि आत बसलेल्याला ते कळत नाही. वरच्या चार अपघातांत हेच झालं असं मी म्हणत नाही; पावसाळ्यात या चुकीची किंमत जास्त का, एवढंच सांगतोय.

जुन्नरची गोष्ट वेगळी. तिथे विमान नेमकं कुठे आहे याचाच अंदाज चुकला आणि उतरणं लवकर सुरू झालं. हिशेब करून पाहा. उतरताना दर सागरी मैलाला 300 फूट हा ढोबळ नियम. अपघाताची जागा मुंबईपासून सुमारे 84 किलोमीटर, म्हणजे 45 सागरी मैल. तिथे विमान साडेतेरा हजार फुटांच्या आसपास हवं होतं. ते साडेतीन हजारांच्या आसपास डोंगराला लागलं. दहा हजार फुटांची तफावत दाबाच्या आकड्याने पडत नाही, ती अंतराच्या गैरसमजाने पडते. त्यात रात्र. खाली घाटमाथ्यावर दिवे तुरळक, तपासून पाहायला काहीच नाही.

रेडिओ उंचीमापक का वाचवत नाही, असं पुढे कोणी विचारेलच. तो पोटाखालची उंची सांगतो, नाकासमोरची नाही. सह्याद्रीच्या भिंतीसारख्या कड्यापुढे त्याचा इशारा काही सेकंदांवर येतो. नकाशासकट पुढचा डोंगर ओळखणारी प्रणाली 1990च्या दशकात आली.

जुनी कात्रणं

शोधाशोध करणाऱ्यांसाठी. जुन्या बातम्यांत आजची जिल्ह्यांची नावं टाकून काही मिळत नाही. नालासोपारा 1968 मध्ये ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा 2014 चा. पनवेल 1979 मध्ये कुलाबा जिल्ह्यात. रायगड हे नाव 1981 पासून.

दुसरी अडचण तारखांची. अपघात अहवाल जागतिक वेळेत लिहितात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. मुंबईला उतरताना कोसळलेलं एअर इंडियाचं 707 'गौरीशंकर' कुठे 21 जून 1982 तर कुठे 22 जून असं सापडतं. अपघात एकच, आपल्याकडे पहाट झाली होती. 111 पैकी 17 गेले. मुसळधार पावसात, जमिनीपासून थोडीच उंची उरली असताना इंजिनांची ताकद कमी केली गेली आणि विमान आपटलं.

रिव्हेट

ठाण्यातल्या धाग्यावर सांताक्रूझच्या, म्हणजे मुंबई विमानतळावरच्या, कॅराव्हेल विमानाचा अपघात कशाला, असं वाटेल. पण यंत्राचा बिघाड कसा वाढत जातो हे समजायला 12 ऑक्टोबर 1976 च्या अपघातासारखं दुसरं उदाहरण नाही. मद्रासला निघालेलं विमान, उड्डाणानंतर लगेच उजवं इंजिन गेलं, परत फिरताना कोसळलं, सगळे 95 गेले.

एक इंजिन बंद पडल्याने विमान पडत नाही. इथे काँप्रेसरच्या (इंजिनातली हवा दाबणाऱ्या भागाच्या) दहाव्या टप्प्याची चकती धातूच्या थकव्याने फुटली. इंजिनाचं आवरण सुटलेलं पातं अडवण्यासाठी बनवलेलं असतं. चकतीच फुटली तर तिचे तुकडे कोणतंही आवरण अडवत नाही. तुकड्यांनी इंधनाची नळी कापली, आग लागली, आगीने नियंत्रणं हलवणारा हायड्रॉलिक द्रव संपवला आणि नियंत्रणं हातची गेली. मूळ दोष केसाएवढ्या भेगेचा.

अशी भेग पकडायची साधी पद्धत म्हणजे चमकणाऱ्या रंगद्रव्याची तपासणी. भाग तेलविरहित धुऊन पूर्ण वाळवायचा. झिरपणारा द्रव लावून 10 ते 30 मिनिटं थांबायचं. नेमका वेळ त्या द्रवाच्या आणि धातूच्या पत्रकात असतो. मग वरचा द्रव काढायचा, पांढरी भुकटी मारायची आणि अतिनील दिव्याखाली पाहायचं. चूक नेहमी एकाच पायरीवर होते: वरचा द्रव पुसताना सॉल्व्हंट फडक्यावर न घेता थेट भागावर फवारला जातो. मग भेगेतलाही द्रव धुतला जातो आणि भाग 'निर्दोष' ठरतो. भाग नीट वाळलेला नसेल तर भेगेत आधीच पाणी बसलेलं असतं, द्रव आत जातच नाही. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत ही दुसरी चूक जास्त. नजर कुठे ठेवायची? बोल्टची छिद्रं आणि पात्यांच्या मुळाच्या खाचा.

क्यूएनएच

रिव्हेट यांनी 1976 काढलंच आहे तर 1 जानेवारी 1978 बद्दलही. 'सम्राट अशोक' हे 747, दुबईला निघालेलं, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे 3 किलोमीटरवर समुद्रात, 213 मृत्यू. उड्डाणानंतर 101 सेकंद.

उजवं वळण संपवून विमान सरळ झालं, पण कप्तानासमोरचं क्षितिजदर्शक (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. ते खरं मानून विमान डावीकडे कलवत नेलं, पार नव्वद अंशांपलीकडे. शेजारचं उपकरण आणि तिसरं राखीव उपकरण वेगळं सांगत होतं. तिघांत दोन जुळतात ते खरं, हा नियम कागदावर फार सोपा आहे. कानातला तोल अगदी मंद कल, सेकंदाला दोनेक अंशांपेक्षा कमी, ओळखतच नाही. शिवाय रात्री समुद्राकडे तोंड केल्यावर क्षितिज नसतं. पश्चिमेकडे उड्डाण केलं की काही सेकंदांत शहराचे दिवे मागे पडतात आणि पुढे काळोख.

भरतीओहोटी

बॉम्बे हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, जाणाऱ्या हेलिकॉप्टरांबद्दल कोणी लिहिलेलं नाही. नवी मुंबईतले कितीतरी लोक जुहूहून तिकडे ये-जा करतात. 11 ऑगस्ट 2003, एमआय-172, 29 पैकी 27 मृत्यू. 13 जानेवारी 2018, डॉफिन, सातही गेले. 28 जून 2022, सिकॉर्स्की एस-76डी, 'सागर किरण' रिगजवळ पाण्यात उतरलं, 9 पैकी 4 गेले. शेवटच्यात पाच वाचले ते फ्लोट, रिगची बोट आणि जवळचं जहाज यांमुळे.

हेलिकॉप्टरची इंजिनं आणि गिअरबॉक्स डोक्यावर असतात, त्यामुळे पाण्यात ते उलटतंच. बाजूचे फ्लोट दाबाखालच्या वायूने फुगतात आणि उलटणं लांबवतात. मोठ्या लाटेत तेही पुरत नाहीत. फ्लोट ठरावीक वेगाच्या आतच फुगवायचे असतात, भर वेगात एका बाजूचा फुगला तर तोच अपघात घडवतो.

प्रवाशाने करायचं ते असं. एका हाताने खिडकीची चौकट पकडायची आणि शेवटपर्यंत सोडायची नाही, कारण उलटल्यावर दिशा सांगणारी तेवढीच खूण उरते. पाणी भरून हालचाल थांबेपर्यंत थांबायचं. आधी खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा. पट्टा आधी सुटला तर माणूस वर तरंगतो आणि खिडकीवर जोर लावायला टेकू राहत नाही. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं की ते छताला, म्हणजे उलटलेल्या तळाला, चिकटवून ठेवतं. प्रशिक्षणात सर्वांत जास्त चुकतो तो पट्टाच.

तांडेल ऐरोली

मासेमारीत जाळ्यात विमानाचा तुकडा आला तर:

विंच ताबडतोब बंद. जोर लावला की जाळंही जातं आणि पुरावाही. जीपीएसवरची जागा, खोली किती वाव, भरती की ओहोटी, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), हे सगळं वेळेसकट लिहून घ्या. ओढ कुठली होती ते कळलं तरच बाकीचे तुकडे कुठे असतील ते सांगता येतं. शक्य असेल तर बोया सोडा. तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093.

नारिंगी डबा, म्हणजे विमानाचा 'ब्लॅक बॉक्स', वर आलाच तर तो वाळवायचा नाही. पिंपात गोडं पाणी भरून त्यात बुडवून ठेवायचा. खारं पाणी लागलेला भाग हवेत आला की गंज धरतो, आतल्या चिपांचे पाय खाल्ले जातात. लष्करी विमानाची, वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची दिसली तर हातच लावू नका. तिच्याखालचं काडतूस जिवंत असू शकतं, किती वर्षं झाली याला अर्थ नाही.

पारसिक

तांडेल, त्या डब्याचा आवाज पाण्यात ऐकू येतो म्हणतात, ते कितपत खरं?

भरतीओहोटी

माणसाच्या कानाला नाही. 37.5 किलोहर्ट्‌झ, सेकंदाला एक ठोका, पाणी लागलं की आपोआप सुरू. जुन्यांची बॅटरी 30 दिवस, नव्यांची 90. रेडिओवर चालणारा आपत्कालीन बीकन पाण्याखाली मुका होतो, त्यामुळे समुद्रात भिस्त या ठोक्यावरच. 8 जून 2015 ला तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हरवलेलं तटरक्षक दलाचं डॉर्नियर जवळपास हजार मीटर खोलीत सापडलं, कारण पाणबुडीला तो ठोका मिळाला. 22 जुलै 2016 ला 29 जणांसह हरवलेल्या हवाई दलाच्या एएन-32 चे अवशेष 3,400 मीटर खोलीत ओळखले गेले ते थेट जानेवारी 2024 मध्ये.

आपल्याकडे अडचण खोलीची नाही. बॉम्बे हायलासुद्धा पाणी पाऊणशे मीटरच्या आसपास. अडचण गाळाची. डबा गाळात रुतला की ठोक्याचा पल्ला झपाट्याने घटतो, आणि पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. खाडीच्या तोंडाशी काम भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्यातच करावं लागतं. ते अर्धा तास मिळालं तरी पुष्कळ. उधाणाचे दिवस टाळून भांगाचे धरायचे, ओढ कमी असते.

जुनी कात्रणं

धाग्यात जुहूचा उल्लेख राहिला. 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं आणि धावपट्टीबाहेर गेलं. मृत्यू नाही, विमान भंगारात. त्याआधी 1953 मध्ये बीओएसीचं कॉमेटही असंच उतरलं होतं, ते मात्र नंतर उडवून नेलं. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ समांतर, अंतर मोजक्या किलोमीटरचं, आणि पश्चिमेकडून येणाऱ्याला जुहू आधी दिसतं.

रिव्हेट

आणि पक्षी. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर एमिरेट्सच्या विमानाला रोहित पक्ष्यांचा थवा धडकला, चाळीसेक पक्षी मेले, विमान सुखरूप उतरलं. अशा धडकेनंतर विमान पुन्हा सोडण्याआधी इंजिनाच्या आत बोअरस्कोप (नळीसारखी बारीक दुर्बीण) घालून एकेक पातं पाहावं लागतं. नुसती समोरची पाती पाहून भागत नाही, मागच्या टप्प्यांतला लहानसा बाक बाहेरून दिसत नाही. वेगमापक नळ्यांत पिसं अडकली आहेत का, तेही त्याच वेळी पाहायचं.