मदत हवी आहे: जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑईल घालू? (तातडीचं)

रानवाट
गिअरबॉक्सचं ऑईल काल काढून टाकलं. ड्रेन प्लग पुसून परत बसवलाय, बॉक्स रिकामा आहे. हाताशी दोन डबे आहेत. एकावर ८०डब्ल्यू-९० जीएल-५, दुसऱ्यावर ८०डब्ल्यू-९० जीएल-४. जाडी दोन्हींची तीच, जीएल म्हणजे गिअर ऑईलचा वर्ग तेवढा वेगळा. उद्या सकाळी ट्रक शेडबाहेर काढायचाच आहे, जागा रिकामी करून द्यायची आहे. एक जण म्हणतो जीएल-५ नवं आणि भारी, तेच घाल. दुसरा म्हणतो त्याला हातही लावू नकोस. कुठला डबा फोडू, एवढंच सांगा.

डबलक्लच
ट्रक कुठला? साल? गिअर किती? सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग डबा कसा सांगणार?

ग्रीसगन
दोन्ही डबे बाजूला ठेवा आणि सरळ १४० नंबरचं, त्याहून जाड ऑईल घाला. जुन्या बॉक्सची बेअरिंगं झिजलेली असतात, दातांत फट पडलेली असते. मी तीन गाड्यांना १४० घातलंय. घरघर कमी झाली आणि मागच्या सीलमधून ठिबकायचं तेही थांबलं.

तेराचौदा
ग्रीसगन, १४० ने आवाज दबतो, झीज दबत नाही. बेअरिंग गेलं असेल तर ते कळायला हवं ना? आणि सिंक्रो असेल तर सकाळच्या गारठ्यात १४० घातलेला गिअर पडता पडत नाही. रिंग गिअरच्या कोनावर (शंकूवर) घासून वेग जुळवते. मधला तेलाचा थर फाटलाच नाही तर ती पकडणार कशाला?

निवांत
जुन्या इंजिनांना जस्त असलेलं ऑईलच घाला. फ्लॅट टॅपेट असतात, नव्या ऑईलमध्ये जस्त कमी असतं, त्यामुळे कॅम खाल्ला जातो.

रानवाट
इंजिनबद्दल विचारलेलंच नाही हो. गिअरबॉक्स रिकामा आहे आणि मला रात्रीत भरायचा आहे. ट्रक १९५४ चा शेव्हरोले, चार गिअरचा.

डबलक्लच
हे आधी सांगायचं! चार गिअरचा म्हणजे बहुतेक एसएम ४२० नावाचा बॉक्स. ओतीव लोखंडाचं जाडजूड धूड, १९४७ ते १९६७ पर्यंत बसवायचे. पहिला गिअर ७.०५ ला १, ओझं उचलण्यापुरताच. एरवी लोक दुसऱ्यातच गाडी हलवतात. पहिल्याला सिंक्रो नाही, वरच्या तिघांना आहे. आता दोन गोष्टी सांगा. ऑईल का बदलताय? आणि काढलेलं ऑईल दिसायला कसं होतं?

रानवाट
बदलतोय कारण तिसरा टाकताना कर्रर्र करतो. गाडी तापली की जरा बरा. काढलेलं ऑईल काळपट होतं, वास मात्र भयंकर, कुजक्या अंड्यासारखा. हाताला लागलेला वास साबणानेही जात नाही. पांढऱ्या फडक्यावर थोडं घेतलं तर त्यात बारीक सोनेरी चमक दिसते, जरीच्या भुकटीसारखी. ती महत्त्वाची आहे का?

तेराचौदा
आहे ना! तीच तर आहे. फडक्याखालून लोहचुंबक फिरवा. चमक सरकली तर पोलाद, म्हणजे गिअरचे दात किंवा बेअरिंग. जागची हलली नाही तर पितळ किंवा ब्रॉन्झ, म्हणजे सिंक्रोच्या रिंगा किंवा बुश.

रानवाट
फिरवलं. थोडी काळी पूड चुंबकामागे गेली. सोनेरी चमक जागीच राहिली.

स्निग्धा
मग जीएल-४ चा डबा फोडा.

कारण थोडक्यात सांगते. तो वास गंधक-फॉस्फरसच्या मिश्रणाचा असतो. प्रचंड दाबाखाली ती द्रव्यं पोलादावर एक पातळ थर धरतात. दात एकमेकांवर घासले की धातूऐवजी हा थर जातो. डिफरन्शियलमधल्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या संचातल्या) हायपॉइड दातांना याची फार गरज असते, कारण ते एकमेकांवर घसरत फिरतात. जीएल-५ त्यासाठीच केलेलं आहे आणि त्यात ही द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. तोच थर ब्रॉन्झवरही धरतो, पण तिथे खालचा धातूच मऊ. थर सुटताना धातूचा कण सोबत घेऊन जातो. तुमच्या फडक्यावरची चमक बहुधा अशीच आलेली आहे. आधीच्या कुणीतरी जीएल-५ भरलं असावं.

ग्रीसगन
ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. आताची चांगली जीएल-५ पितळ खात नाहीत, गंधक बांधून ठेवलेलं असतं. काही डब्यांवर तर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं असतं.

स्निग्धा
गंधक बांधलेलं असतं, हे मान्य. त्यासाठी तांब्याच्या पट्टीची चाचणी असते. घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात काही तास बुडवून ठेवतात आणि ती किती काळवंडली ते रंगाच्या तक्त्याशी ताडून पाहतात. पण पट्टी तेलात नुसती पडून असते. सिंक्रोची रिंग घासली जाते. शिवाय पितळ खाल्लं गेलं नाही तरी दुसरा मुद्दा उरतोच. जीएल-५ इतकं निसरडं असतं की रिंग कोनावर घसरत राहते, वेग जुळत नाही आणि मग कर्रर्र. दोन्ही आकडे छापलेल्या डब्यात प्रमाण नक्की कुणाचं आहे, ते कंपनीची माहितीपत्रिका बघितल्याशिवाय कळत नाही.

डबलक्लच
+१. शिवाय हा बॉक्स बनला तेव्हा त्यात साधं ९० नंबरचं मिनरल ऑईल जायचं. आजच्या भाषेत जीएल-१ च्या जवळचं. या बॉक्सच्या दातांना त्याहून जास्त काही लागत नाही. जीएल-४ म्हणजे एक पायरी वरच झाली.

निवांत
९० म्हणजे फार जाड ना? आमच्याकडे इंजिनात ४० घालतात.

तेराचौदा
दोन्हीची मोजपट्टी वेगळी आहे. गिअर ऑईलचं ९० हे गरम असताना इंजिन ऑईलच्या ४०-५० एवढंच जाड असतं. नंबर बघून फसायला होतं.

ग्रीसगन
मग सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० का नको? गारठ्यात गिअर लोण्यासारखा पडेल.

डबलक्लच
पडेल, आणि सत्तर वर्षांच्या सीलमधून तितकंच सहज बाहेर पडेल! आधी सील बदला, मग सिंथेटिक. तुम्हीच वर १४० ने गळती थांबल्याचं लिहिलंय ना.

ग्रीसगन
ते खरं. सील मी अजून बदललेली नाहीत.

रानवाट
बरं, जीएल-४. आता किती घालू?

तेराचौदा
लिटर मोजत बसू नका. बॉक्सच्या बाजूला फिलर प्लग असतो. गाडी सपाट जागी उभी करून भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरा, ओघळ सुरू झाला की थांबा. पुढच्या वेळी मात्र ड्रेन प्लगच्या आधी फिलर प्लग सैल होतोय का ते बघा. ऑईल काढून बसलात आणि फिलर गंजून घट्ट बसलेला निघाला तर बॉक्स भरायला जागाच नाही. हे मी स्वतः भोगलंय, गाडीखाली दुपार गेली.

रानवाट
फिलर प्लग सैल झाला, देवाची कृपा. ड्रेन प्लगला चुंबक नाही.

स्निग्धा
घाईत एक करू नका. रॉकेलने धुऊन लगेच भरू नका. तळाशी रॉकेल साचून राहतं आणि नवं ऑईल पातळ करतं. त्यापेक्षा जीएल-४ भरून थोडे दिवस चालवा, गरम असतानाच काढा आणि पुन्हा भरा. जुनं जीएल-५ असंच निघून जाईल.

(दुसऱ्या दिवशी)

रानवाट
काल रात्री जीएल-४ भरलं. आज सकाळी ट्रक शेडबाहेर काढला, तासभर फिरवला. तिसरा गिअर आता पडतो. पहिल्या दोन-तीन वेळा हलकं खर्र झालं, मग नाही. चौथा पहिल्यापासून चांगला होता. दुसरा मात्र तिसऱ्यावरून खाली टाकताना अजून कर्रर्र करतोच.

तेराचौदा
दुसऱ्याची रिंग गेली असणार. त्याच गिअरवर सगळ्यात जास्त ताण येतो, कारण सगळे त्यातच गाडी उचलतात. आता ऑईलने काही व्हायचं नाही. बॉक्स उघडेपर्यंत डबल क्लच करा. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, जरा रेस द्या, पुन्हा क्लच, मग दुसरा. हाताला सवय झाली की आवाज नाही.

रानवाट
जमतंय. चारपैकी तीनदा आवाज नाही आला. उरलेल्या जीएल-५ च्या डब्याचं काय करू?

डबलक्लच
मागच्या डिफरन्शियलचं ऑईल शेवटचं कधी बदललं होतं?