मदत हवी आहे: कॉलेज बास्केटबॉल, 'फक्त तुमच्यासाठी' फुकट कॅम्प आणि एच-४ व्हिसावरचा मुलगा

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगा इथल्या हायस्कूलमध्ये दहावीत आहे, उंची साडेसहा फूट. शाळेच्या व्हर्सिटी (मुख्य) संघात सेंटर खेळतो आणि उन्हाळ्यात एका एएयू क्लबकडून, म्हणजे शाळेबाहेरच्या हौशी स्पर्धांत. मी दादरला वाढले. आमच्याकडे खेळाचा संबंध दहावीच्या वाढीव गुणांपुरता, त्यामुळे हे कॉलेज रिक्रूटिंगचं, म्हणजे कॉलेजांनी संघासाठी खेळाडू हेरण्याचं जग मला पूर्णपणे नवीन आहे.

एप्रिलमधल्या एका स्पर्धेत डिव्हिजन १ मधल्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या एका कॉलेजचे असिस्टंट कोच आले होते. मॅच संपल्यावर त्यांनी आम्हाला जिमबाहेर गाठलं आणि बराच वेळ स्कॉलरशिपबद्दल बोलले. त्यानंतर क्लबच्या कोचनी निरोप दिला की जूनमध्ये त्या कॉलेजचा कॅम्प आहे, तुमच्याकडून फी घेणार नाहीत, पण ही गोष्ट इतर पालकांना सांगू नका. आणि गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. ते त्या कॉलेजचे माजी विद्यार्थी, व्यवसाय मोठा, संघाला देणग्या देतात. कॅम्पस बघायला या, तिघांची विमानाची तिकिटं आणि हॉटेल माझ्याकडे लागलं, असं म्हणाले. बोलता बोलता नवऱ्याला त्यांच्या कंपनीत 'कन्सल्टिंग'चं काही काम देता येईल, हेही सुचवलं.

माणसं बोलायला फार चांगली आहेत. पण 'कुणाला सांगू नका' ऐकल्यापासून मला झोप नाही. नवऱ्याचं म्हणणं, आता कॉलेजं खेळाडूंना उघड पैसे देतात, मग तिकिटाचं काय एवढं? मुलाचा जीव त्या कॉलेजात अडकलाय.

हे नियमात बसतं का? बसत नसेल तर शिक्षा कुणाला होते, त्यांना की माझ्या मुलाला? आणि दार बंद न करता नाही कसं म्हणायचं? कृपया ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

प्रतिसाद: मैदानकाठ

ताई, मी काही वर्षं एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कंप्लायन्सचं काम केलं आहे, म्हणजे हेच नियम सांभाळायचं. तुमची शंका रास्त आहे. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या नियमांत यातलं जवळजवळ काहीच बसत नाही.

पुरुष बास्केटबॉलमध्ये कोचला मुलाला फोन किंवा मेसेज करता येतो तो दहावी संपल्यावर, १५ जूनपासून. एप्रिलमधल्या त्या स्पर्धा 'इव्हॅल्युएशन पिरियड'मध्ये येतात. त्यात कोचनी बाकावर बसून खेळ बघायचा. कॅम्पसबाहेर मुलाशी किंवा आईवडिलांशी समोरासमोर बोलणी करायची नाहीत. चुकून गाठ पडली तर नमस्कार करून पुढे जायचं. जिमबाहेर उभं राहून स्कॉलरशिपची चर्चा म्हणजे नमस्कार नव्हे.

कॅम्पचं तर अगदी स्पष्ट आहे. कॉलेजचा कॅम्प सगळ्यांना खुला असावा लागतो आणि ज्याला रिक्रूट करायचंय त्याची फी माफ किंवा कमी करता येत नाही. इतर बहुतेक खेळांत हे बंधन नववीपासून लागतं, पुरुष बास्केटबॉलमध्ये सातवीपासून. इतक्या लहान मुलांना कॅम्पच्या नावाखाली गळ टाकले जात होते म्हणून २००९ मध्ये ही मर्यादा खाली आणली. तुमच्या क्लबच्या कोचना त्याच कॅम्पमध्ये पगारी काम मिळालंय का, तेही विचारा. खेळाडूच्या जवळच्या माणसांना कामावर ठेवण्याबद्दल पुरुष बास्केटबॉलमध्ये वेगळे निर्बंध आहेत.

राहिले ते देणगीदार. त्यांना इथे 'बूस्टर' म्हणतात. एकदा संघाला मदत केली की तो शिक्का आयुष्यभर राहतो. बूस्टरने रिक्रूटिंगसाठी फोन करायचा नसतो, तिकीट काढायचं नसतं आणि आईवडिलांना नोकरी तर अजिबातच द्यायची नसते. 'अनऑफिशियल' भेटीचा प्रवासखर्च घरच्यांनीच करायचा. 'ऑफिशियल' भेटीचा खर्च कॉलेज स्वतः करतं, आईवडिलांसकट, पण ती अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. त्यांना मुलगा खरंच हवा असेल तर ऑगस्टमध्ये तेच तिकीट कॉलेजच्या खात्यातून, कागदोपत्री येईल. मी तरी या एकाच गोष्टीवरून त्यांचा हेतू जोखेन.

प्रतिसाद: रविवारचा_चहा

मला यजमानांचं म्हणणं पटतं. १ जुलै २०२१ पासून एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस) आलं, खेळाडू आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावतात. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाने मंजुरी दिली आणि आता कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे वाटू शकतात, २०२५-२६ या पहिल्या वर्षी तर एकेका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा होती. केल्विन सॅम्पसन हे कोच ओक्लाहोमात असताना ५७७ बेकायदा फोन केले म्हणून केवढा गहजब झाला होता! पुढे इंडियानात पुन्हा फोनचंच प्रकरण, २००८ मध्ये पद गेलं, पाच वर्षांची बंदी आली. आणि २०१२ पासून कोचना अमर्याद फोन-मेसेजची मुभा मिळाली. नियम असे बदलत असतील तर एका विमानाच्या तिकिटासाठी मुलाची संधी का घालवायची?

प्रतिसाद: मैदानकाठ

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. एनआयएल म्हणजे कामाच्या बदल्यात मोबदला. जाहिरात करा, सही द्या, पैसे घ्या, आणि कॉलेजात गेल्यावर ६०० डॉलरच्या वरचे करार तपासणीसाठी नोंदवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायाधीशाने, प्रवेशाआधी असे करार बोलायला एनसीएएने आडकाठी करू नये, असा मनाईहुकूम दिला, हेही खरं. पण गुपचूप काढलेलं तिकीट आणि वडिलांना दिलेलं काम यात करार कुठे आहे? आणि नियम पुढे बदलला म्हणून आधीची शिक्षा कुणी परत घेत नाही.

प्रतिसाद: सह्याद्री_ते_ब्लूग्रास

ताई, मी केंटकीत राहते, त्यामुळे इथल्या लुइव्हिल विद्यापीठाचं प्रकरण जवळून वाचलं आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

ब्रायन बोवेन नावाचा गुणी मुलगा २०१७ च्या उन्हाळ्यात लुइव्हिलला आला. २६ सप्टेंबर २०१७ ला एफबीआयने धरपकड केली, तेव्हा बाहेर आलं की आदिदासशी संबंधित लोकांनी त्याच्या घरी १ लाख डॉलर द्यायचं ठरवलं होतं. वडिलांनी पुढे कोर्टात पैसे घेतल्याची साक्ष दिली आणि मुलाला यातलं काही माहीत नव्हतं असंही सांगितलं. तरी लुइव्हिलने त्याला बसवून ठेवलं. तो साउथ कॅरोलिनात गेला, तिथेही खेळायला मिळालं नाही. शेवटी ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. कॉलेजची एकही मॅच त्याच्या नावावर नाही.

आता कोच लोकांचं बघा. लुइव्हिलचे रिक पिटिनो तेव्हा काढले गेले, आज न्यूयॉर्कमध्ये सेंट जॉन्सला आहेत. वर ज्यांचा उल्लेख आला ते सॅम्पसन २०२५ मध्ये ह्यूस्टनला घेऊन अंतिम सामन्यात पोहोचले. ब्रूस पर्ल यांनी २००८ मध्ये टेनेसीत आपल्या घरी अकरावीतल्या मुलांना जेवायला बोलावलं आणि पाहुण्यांना सांगितलं की हे नियमाबाहेर आहे, बाहेर बोलू नका. प्रकरण तसं किरकोळ होतं. पण २०१० मध्ये चौकशीत फोटो समोर ठेवल्यावर हे घर कुणाचं ते ओळखत नाही म्हणाले. त्या खोटेपणापायी २०११ मध्ये नोकरी गेली, तीन वर्षांची बंदी आली. २०१४ मध्ये ऑबर्नने त्यांना घेतलं आणि २०१९ ला ते संघासह फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत होते.

मोठ्या माणसांना दुसरी संधी मिळते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची खेळायची चार वर्षं असतात, त्यातली गेली ती गेली. माझं मत विचाराल तर हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय आहे. तुम्ही 'कुणाला सांगू नका'वर थबकलात ते फार चांगलं केलंत.

प्रतिसाद: धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोवेनचं वाचून नवराही गप्प झाला. एक महत्त्वाची गोष्ट शीर्षकात आली, पण वर सविस्तर लिहायची राहिली होती: नवरा एच-१बी वर आहे, मुलगा त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-४ वर. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, एकविसाव्या वर्षाआधी नंबर लागण्याची शक्यता जवळपास नाही. यात काही वेगळा धोका आहे का? आणि ईमेल नेमका कुणाला लिहू?

प्रतिसाद: मैदानकाठ

ताई, मग तर ते कन्सल्टिंग विसराच. एच-१बी वर दुसऱ्या कंपनीचं काम परवानगीशिवाय घेतलं तर एनसीएए राहिली बाजूला, सगळ्या कुटुंबाचा व्हिसा धोक्यात येईल. मुलालाही एच-४ वर काम करायची परवानगी नाही, त्यामुळे एनआयएलची कुठलीही सही वकिलाला दाखवल्याशिवाय नको. पुढे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतला तरी अडचण संपत नाही. पर्ड्यूचा झॅक ईडी २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण कॅनेडियन, एफ-१ वर. त्यामुळे इथे एनआयएलची कमाई त्याला करता आली नाही. केंटकीकडून खेळणाऱ्या, अशाच परदेशी ऑस्कर शिब्वेने २०२२ मध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा तिथे, अमेरिकेबाहेर, ती कामं उरकली. स्कॉलरशिप ही नोकरी नाही, तिला व्हिसाची आडकाठी येत नाही. तुमच्यासाठी खरी किंमत तिची आहे.

ईमेल असिस्टंट कोचला नको आणि क्लबच्या कोचमार्फत तर नकोच. प्रत्येक डिव्हिजन १ कॉलेजात कंप्लायन्स ऑफिस असतं, पत्ता वेबसाइटवर मिळतो. मुलाचं नाव, इयत्ता आणि क्लब लिहा. फी माफीचा निरोप आणि प्रवासखर्चाची तयारी दाखवणारा फोन आला, आम्ही काहीही स्वीकारलेलं नाही, हे नियमात बसतं का ते लेखी कळवा, एवढंच विचारा. आरोप करू नका, विशेषणं नकोत, तारखा द्या. त्या गृहस्थांनी पुन्हा फोन केला तर 'कंप्लायन्सला विचारलंय, उत्तर आल्यावर बोलू' एवढं पुरे. क्लबच्या कोचचे मेसेज पुसू नका.

दार बंद होण्याची भीती मी समजू शकतो. पण नियमाने चालणारं कॉलेज अशा ईमेलवर नाराज होत नाही, उलट त्यांच्या कंप्लायन्सवाल्यांना हायसं वाटतं. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर त्याची नोंदणी आत्ताच करा. सोळा कोअर (मुख्य) विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. विषय मोजायला शाळेच्या काउन्सेलरला सांगा, बारावीत कळून उपयोग नसतो.

प्रतिसाद: धागाकर्ती

ईमेल आज सकाळी पाठवला. आधी मुलाला शेजारी बसवून वाचून दाखवला. रडला थोडा, मग म्हणाला, फोनचा दिवसही लिही, तो राहिलाय. कॅम्पची पूर्ण फी भरून जायचं की जायचंच नाही, ते उत्तर आल्यावर ठरवू. क्लबच्या कोचशी नवरा शनिवारी बोलणार आहे.

न्यू जर्सीत एफ-१ आणि कॉलेज खेळ या दोन्हींची माहिती असलेले इमिग्रेशन वकील कुणाच्या ओळखीत असतील तर कृपया मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.