सांचीचा रिकामा घोडा: बुद्ध दाखवायला खरंच बंदी होती का?

कातळवाट
गेल्या महिन्यात सांचीला जाऊन आलो. पूर्व तोरणाखाली एक गाइड पंचवीसेक जणांना ठणकावून सांगत होता, "सुरुवातीला बुद्धांची मूर्ती करायला बंदी होती, म्हणून इथे बुद्ध दिसत नाहीत." शाळेपासून हेच ऐकतोय. माझ्या मते बंदीबिंदी काही नव्हती.

त्याच तोरणाची मधली तुळई बघा. सिद्धार्थ घर सोडून निघतो तो प्रसंग. डावीकडे त्याचं गाव कपिलवस्तू, वेशीतून घोडा निघालाय. तोच घोडा ओळीनं चार वेळा कोरलाय. पाठ रिकामी, पण वर छत्र धरलेलं. टापांचा आवाज होऊ नये म्हणून देवांनी खूर तळहातांवर झेललेत. उजव्या टोकाला नुसती दोन पावलं, त्यांच्यावर छत्र, पुढे सारथी छन्न गुडघे टेकून. खाली घोडा परत निघालाय आणि आता छत्र नाही.

इतका बारकावा साधणाऱ्याला कुणी हात धरून थांबवलं होतं असं वाटतच नाही. वारीत माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. रिंगण झालं की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. म्हणून ज्ञानेश्वरांचं चित्र काढायला बंदी आहे का? घरोघरी आहे की!

पाली_शिकतेय
साफ असहमत. तुमची वारीची तुलना "घरोघरी आहे" या शब्दांवरच मोडते. सांचीच्या चारही तोरणांवर एकही बुद्ध नाही. पण उत्तर तोरणावर वेस्संतर राजपुत्र चांगला नाकीडोळी माणूस म्हणून कोरलाय, म्हणजे बुद्धांचाच आधीचा जन्म. छद्दंत हत्तीही आहे, तोही मागचाच जन्म. मागचे जन्म दाखवायचे आणि शेवटचाच गाळायचा, हा योगायोग कसा? निर्वाण म्हणजे ज्योत विझणं, आणि विझलेल्या ज्योतीला आकार देत नाहीत, अशी ती श्रद्धा होती.

आणि "बंदीबिंदी" म्हणताय तर सर्वास्तिवादी या बौद्ध पंथाचा विनय, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ, बघा. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं चिनी भाषांतर झालं. त्यात बुद्धांचा दानशूर उपासक अनाथपिंडिक त्यांना म्हणतो, तुमच्या देहाची प्रतिमा करता येत नाही, तर बोधिसत्त्वाची करू द्या. आणखी काय पुरावा हवा?

कातळवाट
पाली विनयात ही बंदी दाखवा. तो उल्लेख एका पंथाचा. शिवाय "येथे थुंकू नये" ही पाटी कुठल्या भिंतीवर असते? जिथे लोक थुंकतात तिथेच. प्रतिमेचा प्रश्न कुणीतरी काढला म्हणूनच नियम सांगावा लागला.

आणि ज्योत विझल्यावर आकार नाही, तर घर सोडून निघालेला तो घोडेस्वार २९ वर्षांचा आहे. बुद्ध व्हायला अजून सहा वर्षं आहेत. त्याला का गाळला?

दगडीपाटी
तुम्ही दोघंही धरून चाललाय की रिकामा घोडा किंवा रिकामं आसन म्हणजे न दाखवलेले बुद्ध. कला-इतिहासकार सुसान हंटिंग्टन यांनी १९९० साली नेमका इथेच प्रश्न उभा केला. बरीचशी शिल्पं बुद्धांच्या आयुष्यातली नाहीतच, नंतरचे भाविक तीर्थस्थळी पूजा करताना दाखवलेत, असं त्यांचं म्हणणं. मध्य प्रदेशातल्याच भारहुतच्या स्तूपावर बोधिवृक्षाभोवती खांबांची इमारत कोरलीय. संबोधीच्या, म्हणजे ज्ञानप्राप्तीच्या रात्री तिथे कसली इमारत? देऊळ नंतरचं, म्हणजे शिल्पही देवळाचं. आपण पंढरपूरचा फोटो घरी लावतो, तसं.

पाली_शिकतेय
आणि १९९१ मध्ये कला-इतिहासकार विद्या देहेजिया यांनी त्यांना दिलेलं उत्तर? एकच खूण एका जागी बुद्ध, दुसऱ्या जागी तीर्थ आणि तिसऱ्या जागी तत्त्व असू शकते. दगडाला एकच अर्थ चिकटवायचा हट्ट आपला.

त्याच भारहुतच्या दुसऱ्या खांबावर राजा हत्तींवरून येतो आणि छत्राखालच्या आसनापुढे, पावलांच्या ठशांपुढे वाकतो. वर लेख आहे: अजातशत्रू भगवंतांना वंदन करतो. भगवंतांना! आसनाला नाही. सामञ्ञफलसुत्त या पाली सूत्रात ही भेट जिवंत बुद्धांशी झालीय. हे तीर्थयात्रेत कसं बसवणार?

एकवीरा_पायरी
विद्वानांमध्ये घुसतोय. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर जोडप्यांच्या मधल्या जागा खोदून नंतर बुद्ध बसवलेत. बघताना चपखल वाटतात, मग लक्षात येतं की हे मागाहूनचं आहे. आत दागोबावर, म्हणजे दगडी स्तूपावर मात्र अजून लाकडी छत्रच, मूर्ती नाही. दोन्हीपुढे लोक हात जोडतात. मी पण.

नारा_निवासी
हे भांडण भारतापुरतं का? इथे जपानमध्ये नाराच्या याकुशिजी मंदिरात बुद्धांच्या पावलांची शिळा आहे, इ.स. ७५३ ची. वांग श्वान्त्से या चिनी राजदूतानं भारतात उतरवून घेतलेला ठसा, त्याची चीनमध्ये नक्कल, नकलेची नक्कल नाराला, असा तिचा प्रवास त्या शिळेवरच कोरलाय. त्याच आवारात काळ्या चकचकीत काशाचे भैषज्यगुरू, म्हणजे वैद्यरूपातले बुद्ध, बसलेत. थायलंडला द्वारवती या जुन्या राज्यातल्या लोकांनी मूर्ती भरपूर घडवल्या आणि सोबत खांबांवर चढवायची दगडी धर्मचक्रंही. आधी चिन्ह, मग मूर्ती ही शिडीच मला पटत नाही.

पाली_शिकतेय
शिडी नको म्हणता, मग आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची ती शिळा आठवा. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, दोन्ही बाजूंनी कोरलेली. एका बाजूला इ.स.पू. पहिल्या शतकातलं रिकामं आसन आणि बोधिवृक्ष. तिसऱ्या शतकात लोकांनी शिळा उलटवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्तूप कोरला, स्तूपाच्या दाराशी उभे बुद्ध. आसन भिंतीकडे तोंड करून! बदल झाला नाही असं कसं म्हणू?

आणि कातळवाट, तुमच्या २९ वर्षांच्या घोडेस्वाराबद्दल. भारहुतला मायादेवीच्या स्वप्नावर लेख आहे: भगवंतांचं अवतरण. म्हणजे दान देणाऱ्यांच्या लेखी ते गर्भात येतानाच भगवंत होते. मग घोड्यावर कसे दाखवतील?

कातळवाट
पण त्या स्वप्नात ते दिसतात की! चांगला गुबगुबीत हत्ती उतरताना कोरलाय. हत्ती चालतो, माणूस चालत नाही, हे तुमच्या बंदीच्या कुठल्या कलमात बसतं ते सांगा.

दगडीपाटी
हत्तीवर वेगळा धागा काढा. हा इथेच शंभरी गाठेल.