रानजायफळाची रोपे तयार करण्यासंबंधी मदत हवी आहे

नमस्कार. दोडामार्ग तालुक्यात आमच्या बागायतीच्या खालच्या अंगाला बारमाही झरा आहे आणि त्याच्या काठच्या चिखलात, संकटग्रस्त मानले गेलेले रानजायफळ (मिरिस्टिका मॅग्निफिका) लावावे अशी मनापासून इच्छा आहे. याच तालुक्यातील बांबर्डे येथे, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या जेमतेम 2.59 हेक्टर देवराईत ही झाडे उभी आहेत. श्वास घेण्यासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली त्यांची मुळे तिथे पाहता येतात.

फळ उकलले की बीवरची भडक, स्निग्ध पत्री (बीभोवतीचे आवरण) दिसते. तिच्यासाठी धनेश अख्खे बी गिळतात, पत्री पचवतात आणि बी दूरवर टाकतात. म्हणूनच धनेशाला एरवीही सावली देणारी उंच झाडे तोडू नयेत, असे मला वाटते.

हे बी वाळले की रुजत नाही. त्यामुळे ते पत्री काढून लगेच ओल्या वाळूत पेरावे की थेट चिखलात? रोपांना सावली किती वर्षे ठेवावी? गोव्यातील सत्तरी तालुक्यात, निरंकाराच्या राईच्या (देवराईच्या) परिसरात किंवा कारवारकडे कुणी अशी रोपवाटिका केली असल्यास कृपया अनुभव सविस्तर कळवावा. वारसा स्थळातले बी उचलायचे नसल्याने, परवानगीने बी वा रोपे कुठून मिळतील हेही सांगावे.