बीटल १३०० : घाटात तापणारे इंजिन आणि बॅटरीखालचा गंजलेला पत्रा. घरी काम करताना सुरुवात कुठून करावी?

मागचे_इंजिन (पुणे)

सर्वांस नमस्कार. माझ्याकडे १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल १३०० आहे. गाडी मामांची होती. त्यांच्या पश्चात ती बरीच वर्षे झाकूनच उभी होती आणि आता मी ती पुन्हा रस्त्यावर आणली आहे. सहा व्होल्टची वायरिंग, मूळ कार्ब्युरेटर आणि एफ अक्षराने सुरू होणारा इंजिन क्रमांक हे सगळे जागच्या जागी आहे. शहरात गाडी विनातक्रार चालते, परंतु खंबाटकीचा चढ चढताना तिचा जोर निम्म्यावर येतो, जळक्या तेलाचा वास येऊ लागतो आणि माथ्यावर थांबल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकतो.

कॉम्प्रेशन तपासले असता १, २ आणि ४ या सिलिंडरांत १०० ते ११० पीएसआय, तर ३ नंबरमध्ये फक्त ७० मिळाले. ज्या मिस्त्रींना दाखवले त्यांचे म्हणणे असे की संपूर्ण इंजिन खोलावे, क्रँक ग्राइंड करावा आणि हात घातलाच आहे तर १६०० चे पिस्टन-सिलिंडर बसवून घ्यावेत. मला शक्य तितके काम स्वतः करायचे आहे. ट्रॉली जॅक, पान्यांचा संच, फीलर गेज, डायल गेज आणि आर्क वेल्डिंगचे छोटे यंत्र एवढे साहित्य आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या सीटखाली उजवीकडे, जिथे बॅटरी बसते, तिथला पत्रा पूर्ण गंजला असून तळहाताएवढे भोक पडले आहे. बॉडी न उचलता ते दुरुस्त करता येईल का? आणि या दोन कामांत आधी कोणते घ्यावे?

टॅपेट०१५ (नाशिक)

संपूर्ण ओव्हरहॉलचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण दिलेल्या आकड्यांवरून चार सिलिंडरांचे इंजिन झिजलेले दिसत नाही, एकच सिलिंडर आजारी दिसतो, आणि तो ३ नंबरचा असावा यात नवल काही नाही. १९७० च्या मॉडेलपर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर फॅनच्या हाउसिंगच्या (पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाच्या) आतच, डाव्या बाजूच्या सिलिंडरांवर उभा असतो. त्यामुळे त्या सिलिंडरांकडे जाणारी हवा कूलरमध्ये काही अंशी अडते आणि त्यातून तापून बाहेर पडते. त्याचा सर्वाधिक फटका ३ नंबरला, त्यातही त्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बसतो. कंपनीने पुढे कूलर हाउसिंगबाहेर स्वतंत्र कप्प्यात नेला आणि पंखाही रुंद केला, तो याच कारणासाठी.

आता इंजिन न उतरवता करण्याच्या तपासण्या पाहू. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे आणि सकाळी टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेली फट, म्हणजेच गॅप) ०.१५ मिमीवर तपासावेत. (सुरुवातीच्या लांब स्टडच्या १२०० इंजिनांची मापे निराळी आहेत, ती इथे लावू नयेत.) फायरिंग ऑर्डर १-४-३-२ असल्यामुळे पुली उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, अर्धा-अर्धा फेरा फिरवत गेल्यास १, २, ३, ४ असे सिलिंडर ओळीने हाताशी येतात. मिळालेले प्रत्येक माप वहीत लिहून ठेवावे. ज्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप दर वेळी कमी झालेला आढळतो, तो व्हॉल्व्ह ताणला जात असतो किंवा त्याची सीट हेडमध्ये रुतत असते. अशा वेळी नुसता गॅप वाढवून गाडी दामटत राहिल्यास एके दिवशी व्हॉल्व्हचे डोके तुटून पिस्टनवर पडते.

त्यानंतर ३ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी. फुसफुस सायलेन्सरच्या नळीत ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमध्ये आली तर इनलेट, आणि तेल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा, इतका हा निवाडा सरळ आहे. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओतून पुन्हा कॉम्प्रेशन घेण्याची नेहमीची युक्ती इथे विश्वासार्ह नाही, कारण आडव्या सिलिंडरात तेल खालच्या अंगाला साचते आणि रिंगेच्या वरच्या भागाला पोचतच नाही.

क्रँकचे म्हणाल तर आपल्याकडे डायल गेज आहेच. ते पुलीला लावून पुली पुढे-मागे ढकलावी आणि शेवटचा खेळ (एंड प्ले, म्हणजे क्रँक पुढे-मागे किती सरकतो ते) मोजावा. ०.०७ ते ०.१३ मिमी हे चांगल्या इंजिनाचे माप आहे आणि ०.१५ ही मर्यादा आहे. एवढ्यात बसत असेल आणि तेलाचा दाब तेल गरम असताना ठीक असेल, तर इंजिनाची केस (क्रँक धरून ठेवणारे कवच) उघडण्याचे कारण मला दिसत नाही.

१६०० च्या सिलिंडरांबद्दल एवढेच सांगतो की दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक ६९ मिमीच आहे, बदलतो तो बोअर, ७७ वरून ८५.५. त्यासाठी केस आणि हेड दोन्ही मशीनवर मोठे करावे लागतात, आणि ते काम केल्यानंतर मूळ इंजिन परत मिळत नाही. ज्या इंजिनाला मुळातच उष्णता बाहेर टाकणे जड जात आहे, त्याच्याकडून अधिक उष्णता निर्माण करून घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

दर्यावर्दी (मडगाव)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु माझ्या मते पहिले काम आणखी अलीकडे आहे. या इंजिनात रेडिएटरचे काम पत्रे करतात. पंख्याने ओढलेली थंड हवा सिलिंडरांच्या फिन्समधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून) गेली पाहिजे आणि तापल्यावर खाली बाहेर पडली पाहिजे. ती पुन्हा वर येता कामा नये. इंजिनाच्या कप्प्याभोवतीचे रबरी सील विरलेले असेल, तर खालची गरम हवा त्या फटीतून वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. आपल्याकडे दमट हवेत हे रबर तडकते आणि गॅरेजमध्ये ते काढून फेकले जाते, कारण त्यावाचूनही गाडी सुरू होते.

बारकाईने पाहावे अशा जागा सांगतो. प्लगच्या वायरींवर रबरी चकत्या असतात, त्या पत्र्यातील भोके बंद करतात. त्या आहेत का? हाउसिंगच्या दोन्ही बाजूंनी हीटरकडे जाणाऱ्या जाड नळ्या असतात. उष्ण प्रदेशात बहुतेकांनी हीटर बॉक्स काढून टाकलेले असतात आणि नळ्यांची तोंडे उघडीच राहतात. अशाने पंख्याची हवा सिलिंडरांना मिळण्याऐवजी मोकळी निघून जाते, तेव्हा हीटर नको असेल तर ती तोंडे झाकणे लावून बंद केलीच पाहिजेत. सिलिंडरांच्या खाली, पुशरॉडच्या नळ्यांच्या वर, दोन सिलिंडरांच्या मध्ये एक छोटा वळवलेला पत्रा असतो. तो हवेला सिलिंडरच्या खालच्या अंगाला चिकटून जायला लावतो. पूर्वी कुणी इंजिन खोलले असेल तर हा पत्रा हमखास गायब असतो. शिवाय गाडी बरीच वर्षे उभी होती असे आपण लिहिले आहे. हाउसिंगच्या आत उंदरांनी चिंध्या, काथ्या आणि सुकी पाने यांचे घर केलेले असू शकते, आणि हाउसिंग उचलल्याखेरीज ते बाहेरून दिसत नाही.

थर्मोस्टॅट आहे का, हेही कळवावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्याची गरज नाही असे सांगणारे अनेक भेटतात, मला ते पटत नाही. थर्मोस्टॅट ६५ ते ७० अंशांना हाउसिंगमधील फ्लॅप उघडतो. तो नसेल तर इंजिन सावकाश तापते, तेलातील ओल उडून जात नाही आणि छोट्या फेऱ्यांत तेलाचा चिखल होतो.

टॅपेट०१५ (नाशिक)

थर्मोस्टॅटच्या बाबतीत आपला मतभेद राहणार असे दिसते. तो चांगला असेल तर ठेवावा, हे मान्य आहे. परंतु बाजारात मिळणारे नवे थर्मोस्टॅट सगळेच नीट उघडतात असे नाही, आणि मे महिन्यात घाटात अर्धवट उघडलेला फ्लॅप इंजिनाला महागात पडतो. ज्यांना बसवायचा आहे त्यांनी तो आधी गरम पाण्यात बुडवून उघडतो की नाही ते पाहावे, आणि बसवायचा नसेल तर फ्लॅप पूर्ण उघडे राहतील अशी खात्री करावी. फ्लॅप मात्र उपटून टाकू नयेत, कारण हवा वळवण्याचे कामही तेच करतात.

पेट्रोलचा_वास (वसई)

घाटात नेण्याआधी, किंबहुना उद्या सकाळीच, पेट्रोलच्या नळ्या बदलाव्यात. या गाडीचा शेवट बहुधा इंजिन बिघडून होत नाही, आग लागून होतो. सुताची वेणी असलेली जुनी नळी बाहेरून धड दिसते, पण आतून कडक झालेली असते, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागल्यापासून ती अधिकच लवकर तडकते. इथेनॉल चालेल असे स्पष्ट लिहिलेली, पाइपच्या मापाला घट्ट बसणारी नळी घ्यावी. सैल नळीवर क्लिप आवळून काम भागवू नये. कार्ब्युरेटरच्या वरच्या झाकणात पेट्रोल आत घेणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती बोटांनी फिरवून पाहावी. फिरत असेल तर गाडी चालवू नये. पेट्रोल फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर लटकवण्याची पद्धत घातक आहे, त्याची जागा गाडीखाली, इंजिनाच्या कप्प्याबाहेर आहे. इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते आणि ती एकदा पेटली की घरगुती अग्निशामक फारसा उपयोगी पडत नाही.

याचा आपल्या मूळ प्रश्नाशीही संबंध आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रण इंजिन तापवते. पत्रे आणि व्हॉल्व्ह ठीक झाल्यावरही गाडी चढावर तापत राहिली, तर मुख्य जेट एका मापाने मोठा करून प्लगचा रंग पाहावा. टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) ७.५ अंशांपेक्षा पुढे गेलेले नाही ना, हे त्याआधी दिव्याने तपासावे. दिवा सहा व्होल्टचा घ्यावा.

लोअर_सॅक्सनी (हॅनोव्हर)

पत्र्याविषयी लिहितो. आपल्या गाडीचा फ्लोअर मधल्या टनेलला (गाडीच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या उंचवट्याला) दोन्ही बाजूंनी जोडलेल्या अर्ध्या-अर्ध्या पत्र्यांचा आहे, आणि बॅटरीखालचा मागचा कोपरा हा सर्वांत आधी जाणारा भाग आहे, कारण बॅटरीचे आम्ल आणि खालून येणारे पावसाचे पाणी दोन्ही तिथेच पोचतात. फक्त तेवढा कोपरा नव्या पत्र्याचा मिळतो आणि तो बॉडी न उचलता बसवता येतो. मात्र त्याआधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दाराखालच्या हीटर चॅनेलला, विशेषतः त्याच्या दोन्ही टोकांना, टोचून पाहावे. वरून रंग आणि पुट्टी चकचकीत असते आणि टोक आत जाते, असे पुष्कळदा आढळते. चॅनेल हा बॉडीचा कणा आहे. तोही गेला असेल तर दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या सळ्या वेल्ड करून चौकट जखडल्याशिवाय काहीही कापू नये, नाहीतर दारे परत बसत नाहीत.

आर्कच्या यंत्राने हा पातळ पत्रा जळून भोके पडतील. मिग वेल्डिंगचे यंत्र भाड्याने आणावे आणि सलग शिवण न घालता ठिपक्या-ठिपक्यांनी, जागा बदलत वेल्ड करावे. सुरू करण्यापूर्वी बॅटरी, सीट आणि गालिचा बाहेर काढावा. काम झाल्यावर बॅटरीच्या खांबांवर झाकण बसवावे. मागच्या सीटच्या स्प्रिंगा दबून खांबांना टेकतात आणि सीटमधला काथ्या पेटतो, हा या गाडीचा जुनाच दोष आहे.

चॅसिस क्रमांक मागच्या सीटखाली टनेलवर ठोकलेला असतो. त्याला ग्राइंडर लागू देऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार भारतात पन्नास वर्षांपुढील गाड्यांना विंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेत नोंदणी मिळते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही. १६०० करण्याआधी हेही लक्षात घ्यावे. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या कामासाठी वापरता येत नाही, तेव्हा अर्ज करावा की नाही हे आपल्या वापरावर ठरेल.

मागचे_इंजिन (पुणे)

सर्वांचे आभार. तपासणीचा निकाल असा : ३ नंबरची हवा सायलेन्सरच्या नळीतून येते, रिंगांकडून काहीही आवाज नाही. त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट गॅप जवळपास शून्य होता. क्रँकचा शेवटचा खेळ ०.११ मिमी भरला. हीटर बॉक्स नाहीत आणि हाउसिंगची दोन्ही तोंडे उघडी आहेत. कप्प्याचे सील उजव्या बाजूला जेमतेम वीतभर शिल्लक आहे. खालून आरशाने पाहिले, दोन्ही बाजूंचे छोटे पत्रे नाहीत. थर्मोस्टॅटही नाही. हीटर चॅनेल मात्र टोचल्यावर ठणठणीत निघाले. नळ्या बदलल्या आहेत. आता इंजिन उतरवून डावे हेड काढावे, असे ठरवतो आहे.

टॅपेट०१५ (नाशिक)

बरोबर ठरवले आहे. ०.११ हे माप उत्तम आहे, केसला हात लावू नका. इंजिन उतरवताना बॅटरी सोडवून ठेवावी आणि जॅक केसच्या बरोबर मध्यावर घ्यावा. चारही बोल्ट सुटल्यावर इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून पूर्ण मागे सरकेपर्यंत त्याचा भार शाफ्टवर टाकू नये, क्लचची प्लेट वाकते. हेड दोन्ही काढावीत. उजव्याचेही व्हॉल्व्ह त्याच वयाचे आहेत आणि पुन्हा इंजिन उतरवण्यापेक्षा ते स्वस्त पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चारही नवे घालावेत, गाइड झिजले असतील तर ते काम लेथवाल्याकडे न देता हेडचेच काम करणाऱ्याकडे द्यावे. परत आल्यावर प्लगचे भोक आणि व्हॉल्व्हची सीट यांच्यामध्ये तडा आहे का ते दिव्याखाली पाहावे.

जोडताना ते छोटे पत्रे आधी बसवा. पुशरॉडच्या नळ्या आणि हेड चढल्यानंतर ते आत जात नाहीत, आणि ते राहून जाण्याचे कारण हेच आहे. जुन्याच नळ्या वापरणार असाल तर त्या दोन्ही टोकांना हलकेच ताणून १९० ते १९१ मिमी करा, म्हणजे सील धरतील. त्यांची शिवण वरच्या बाजूला ठेवा. हेडचे नट आपल्या १० मिमी स्टडवर दोन टप्प्यांत ३२ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, त्याहून जास्त नको, कारण मॅग्नेशियमच्या केसमधून स्टड उपटून येतो. ऑइल कूलरची सीले याच वेळी बदलून टाका. फ्लोअरचे वेल्डिंग इंजिन बाहेर आणि टाकी रिकामी असतानाच उरकून घ्यावे.