फलकावरचा जादूचा कागद (सोसायटीच्या ग्रुपवरून)

गोखले काका, ए-402 (संध्या. 7:12)
नमस्कार. तळमजल्याच्या फलकावर "जादूवर गोष्ट लिहा, वय 9 ते 16" असा कागद कुणी लावला? आमचा नातू शाळेतून आल्यापासून वही घेऊन बसलाय. मुलांना विज्ञानाची गोडी लावायची सोडून आपण मंत्रतंत्र शिकवणार का? मागच्या भुताच्या गोष्टींनंतर काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

साठे, खजिनदार (7:14)
फलकावर कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय कागद लावू नये.

मीनलताई, सी-103 (7:20)
काका, कागद मीच लावला, सेक्रेटरींना विचारून. मंत्रतंत्र शिकवत नाहीये, गोष्ट लिहायला लावतेय. भोंदूबाबा म्हणतो हे खरं आहे, विश्वास ठेव. गोष्ट पहिल्याच ओळीत सांगून टाकते की हे आटपाट नगर आहे. जे मूल स्वतः जादू रचतं, त्याला ती रचतात कशी ते आतून कळतं. असं मूल बाबाच्या नादी लागेल असं मला नाही वाटत.

कदम, सी-504 (7:21)
लिफ्ट परत दुसऱ्या मजल्यावर अडकली आहे. कुणाला मंत्र येत असेल तर टाका 😀

सेक्रेटरी (7:23)
कदम, माणूस येतोय. आणि हो, ताईंना मी तोंडी हो म्हटलं होतं.

साठे, खजिनदार (7:24)
तोंडी नाही, लेखी परवानगी. फलकावर कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय कागद लावू नये.

सावंत वहिनी, बी-201 (7:31)
ताई, माझी मुलगी लिहिते खूप, पण सगळं त्या प्रसिद्ध जादूच्या शाळेसारखंच. छडी तीच, टोपी तीच, फक्त नावं बदललेली. ही नक्कलच ना? थांबवू का?

मीनलताई, सी-103 (7:40)
मुळीच थांबवू नका वहिनी. इंग्लंडमधल्या ब्राँटे भावंडांचं ऐका, तीन बहिणी आणि एक भाऊ ब्रॅनवेल. 1826 मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी सैनिक आणले. शार्लट तेव्हा 10 वर्षांची. चौघांनी सैनिकांना नावं दिली, त्यांचं राज्य वसवलं आणि स्वतः त्या राज्याचे जिनी होऊन बसले. जिनी उसनेच, अरबी सुरस कथांतले! पण राज्य त्यांचं होतं. पुढे त्या राज्याच्या गोष्टी त्यांनी काडेपेटीएवढ्या वह्यांत लिहिल्या, अक्षर इतकं बारीक की सैनिकांनाच वाचता यावं. तिन्ही बहिणी मोठेपणी कादंबरीकार झाल्या.
मुलीला फक्त एक विचारा: तुझ्या शाळेत जादूने काय *करता येत नाही*? उत्तर उसनं आणता येणार नाही, तिचं तिलाच शोधावं लागेल.

प्रधान बाई, ए-101 (7:44)
सगळं ठीक आहे. पण मागच्या वेळी ताईंनी एकाही वहीत ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं नाही. आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं ते उगीच का? असो. आम्हाला कोण विचारतं.

मीनलताई, सी-103 (7:49)
बाई, तुमच्याशिवाय हे होणारच नाही. फक्त पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको. "ड्रॅगन" लिहायला अडलेलं मूल ड्रॅगनच काढून टाकतं आणि त्या जागी ससा आणतं, कारण ससा बरोबर लिहिता येतो. मी हे होताना पाहिलंय. दुसरा खर्डा पूर्ण तुमचा.

प्रधान बाई, ए-101 (7:50)
बघू.

शेख भाई, बी-404 (7:52)
मोबाईलला सांगितलं की अर्ध्या मिनिटात गोष्ट तयार होते. एवढा खटाटोप कशाला?

मीनलताई, सी-103 (7:54)
गोष्ट तयार होते भाई, मुलगा तिथेच राहतो.

कदम, सी-504 (7:55)
लिफ्ट चालू झाली. मंत्र ज्याचा असेल त्याला धन्यवाद.

गोखले काका, ए-402 (7:58)
विषय भरकटवू नका. माझा मुद्दा तोच आहे. जादूत काहीही होतं. अडलं की फिरवली छडी. कार्यकारणभाव नावाची गोष्ट उरतच नाही. विज्ञानाच्या बरोबर उलट.

मीनलताई, सी-103 (8:09)
काका, तुम्ही नेमकं बोललात. छडी फिरवून सगळं सुटत असेल तर ती गोष्ट वाईट, आणि मुलांना शिकवायचं ते हेच. सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागर रचला, त्यातला वेताळ बघा. उत्तर माहीत असून राजा गप्प बसला तर डोक्याची शकलं. बोलला तर वेताळ परत झाडावर. एवढ्या दोन नियमांवर पंचवीस गोष्टींची माळ उभी आहे! अलिबाबाचा भाऊ गुहेत कशाने अडकला? "तिळा तिळा, दार उघड" मधला तीळच विसरला म्हणून. नियम इतका कडक की जवळचा शब्दसुद्धा चालत नाही.
म्हणून मी मुलांना दोनच गोष्टी विचारते. जादूचा नियम काय? आणि ती वापरली की जातं काय? एकदा नियम ठरला की लिहिणाऱ्यालाही तो मोडता येत नाही. हा कार्यकारणभावच झाला ना?

साठे, खजिनदार (8:10)
फलकावर कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय कागद लावू नये. तिसऱ्यांदा लिहितोय.

गोखले काका, ए-402 (8:16)
मी नातू लिहितोय आजोबांच्या फोनवरून. माझ्या गोष्टीतली मुलगी कुठलंही कुलूप हात लावून उघडू शकते. पण तिने उघडलेलं कुलूप परत कधीच लागत नाही. तिने एका आजींचं दार उघडून दिलं, किल्ली हरवली होती म्हणून. आता ती रोज रात्री त्यांच्या दारात राखण करत बसते. पुढे काय ते सुचत नाही.

सावंत वहिनी, बी-201 (8:17)
अरे वा!

शेख भाई, बी-404 (8:18)
हे मोबाईलला विचारलं नाहीस ना? मस्त आहे रे.

गोखले काका, ए-402 (8:25)
फोन परत घेतला आहे. विज्ञानाचं माझं म्हणणं कायम आहे. पण एक शंका. कडी आणि अडसर कुलपात धरायचे का? आतून अडसर लावला तर आजी सुरक्षित, मग राखणीची गरजच नाही. त्याला विचारलं तर म्हणतो हे ठरवलंच नव्हतं, आणि परत लिहायला बसला.

मीनलताई, सी-103 (8:27)
काका, शनिवारी तुम्ही याच. असे प्रश्न विचारणारं माणूस हवंच आहे. "छान छान" म्हणणारे पुष्कळ आहेत, त्याने मुलं पुढे लिहीत नाहीत.

प्रधान बाई, ए-101 (8:30)
दुसरा खर्डा कधी आहे?

मीनलताई, सी-103 (8:31)
पुढच्या शनिवारी बाई. तुमच्यासाठी टेबल खिडकीपाशी ठेवते.

सावंत वहिनी, बी-201 (8:46)
ताई, मुलीला विचारलं, जादूने काय करता येत नाही. खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मेलेल्याला परत आणता येत नाही, आणि आईचा राग घालवता येत नाही." दुसरं जरा लागलं मला.

मीनलताई, सी-103 (8:49)
वहिनी, तिला त्यावर आत्ता काही विचारू नका, समजावूही नका. ते तिला लिहू दे, आणि तिने स्वतः दाखवली तरच वही वाचा. शनिवारी 5 वाजता क्लबहाउसमध्ये पाठवा तिला. साठे साहेब, लेखी अर्ज सकाळी तुमच्या दारात देते.